माझ्या भाच्याच्या बोटात गणित नाही, हे कुणी ठरवलं?

दिवाळीच्या सुट्टीत कराडला धाकट्या बहिणीकडे गेले होते. भाचा सहावीत आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर त्याला म्हटलं, आण रे वही, गणितात कुठवर आलायस बघू. तो जागचा हलला नाही. उजव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली आणि पाढा म्हणावा इतक्या सहज म्हणाला, “मावशी, माझ्या बोटात गणित नाहीये. टेस्ट केलीय आम्ही.”

बहिणीने कपाटातून त्या टेस्टची, बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ची, स्पायरल बायंडिंगची फाइल आणली. बेचाळीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर रंगीत मेंदू. साडेचार हजार रुपये मोजले होते. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, चार आयांनी खाली “आम्ही केली, फार छान आहे” असं लिहिलं, आणि मेहुणे पोराला त्या टेस्टच्या केंद्रात घेऊन गेले. मग गणिताचा क्लास बंद झाला. “ताई, जे त्याच्यात नाहीच त्याच्यामागे पोराला कशाला पिळायचं?” असं बहीण मला म्हणाली. तिने हे काळजीपोटी केलं, म्हणून मला जास्त लागलं.

मी साताऱ्यात एका शाळेत समुपदेशक आहे. मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेणं हे माझं चौदा वर्षांचं काम. हा मेसेज मलाही आजवर पाच-सहा ग्रुपांवरून आला आणि दर वेळी मी तो पुसून टाकला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. आता देते.

मेसेज थोडक्यात असा आहे: डीएमआयटी, म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, ही बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी वैज्ञानिक चाचणी आहे. ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी तयार होतात. प्रत्येक बोट मेंदूच्या एका भागाशी जोडलेलं असतं. कोणती बुद्धी किती टक्के, हे अचूक कळतं. ठसे बदलत नाहीत, म्हणून चाचणी आयुष्यात एकदाच आणि ९९ टक्के बिनचूक. या संशोधनाला नोबेल मिळालं आहे. कागदी चाचण्यांत मूल खोटं उत्तर देऊ शकतं, इथे नाही. दोन वर्षांच्या बाळापासून कुणाचीही करता येते.

“ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी, एकाच थरातून तयार होतात.”

हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावरच सगळी इमारत उभी केली आहे. बोटांवरच्या रेषा साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि सतराव्या आठवड्याच्या सुमारास नक्षी ठरलेली असते. कातडीचा बाहेरचा पापुद्रा आणि मज्जासंस्था भ्रूणाच्या एकाच बाह्यस्तरातून निघतात, हेही बरोबर. पण केस, नखं आणि दातांवरचं एनॅमलही त्याच स्तरातून निघतं, आणि दाताच्या एनॅमलवरून पोराचं करिअर कुणी सांगत नाही. दोन गोष्टी एकाच मातीतून आल्या म्हणून एकीवरून दुसरी वाचता येत नाही. एका शेतातल्या ज्वारीवरून शेजारच्या ओळीतल्या तुरीचा उतारा कळत नाही.

नक्षी कशी ठरते हेही आता बऱ्यापैकी माहीत आहे. गर्भाच्या बोटांच्या टोकांना छोट्या गाद्या असतात. त्या किती फुगीर आहेत, केव्हा ओसरतात, बोट किती वेगाने वाढतं, यावर शंख होणार की चक्र की कमान हे ठरतं. २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ठशांच्या नक्षीशी ज्या जनुकांचा संबंध दिसला ती मुख्यतः हातपाय घडवणारी जनुकं निघाली. ठसा हाताच्या घडणीची गोष्ट सांगतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असतात, तरी ठसे वेगळे निघतात. एकाच्या बोटात गणित आणि दुसऱ्याच्या बोटात गायन, असं त्यांच्या आईला सांगायचं का?

एक गोष्ट मान्य करते, कारण नाही केली तर केंद्रवाले तीच पुढे करतील. डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांवरच्या आणि तळहातावरच्या रेषांचा अभ्यास, हा खरा अभ्यासविषय आहे. हा शब्द हॅरॉल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो या संशोधकांनी १९२६ मध्ये वापरात आणला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरची रचना वेगळी असते, हे कमिन्स यांनी १९३०च्या दशकात दाखवलं, आणि आजही बालरोगतज्ज्ञ तळहात बघतात. पण तिथे एक जादा गुणसूत्र अख्ख्या शरीराची घडण बदलतं, हातही त्यातच आला. शिवाय निदान पक्कं करायला गुणसूत्रांचीच तपासणी करतात, तळहातावर थांबत नाहीत. त्यावरून निरोगी पोराला विज्ञान झेपेल की वाणिज्य, इथवर उडी मारायला मध्ये काहीही नाही.

“प्रत्येक बोट मेंदूच्या एका भागाशी जोडलेलं असतं.”

फाइलच्या सहाव्या पानावर दोन पंजे काढलेत आणि बाणांनी अंगठा मेंदूच्या अगदी पुढच्या भागाला, तर्जनी त्यामागच्याला, मधलं बोट त्याच्यामागे, असं करत करंगळी पार पाठच्या भागाला जोडली आहे. पाठचा भाग दृष्टीचा, म्हणून करंगळीवरून “निरीक्षणशक्ती”.

असा बाण कोणत्याही शरीररचनेच्या पुस्तकात नाही. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३०च्या दशकात माँट्रियलमध्ये जागेपणी शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श देऊन शरीराचा नकाशा काढला. त्यात हाताच्या पाचही बोटांच्या संवेदनेच्या जागा एकाच पट्टीत शेजारी शेजारी आहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बाकावर पोरं बसावीत तशा. करंगळीचा पाठच्या भागाशी काहीही खास संबंध नाही.

माझ्या आजोळी एक मामा होते. विशीत असताना कडबाकुट्टीत उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं, मुळापासून. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी गावच्या दूध सोसायटीचा हिशेब लिहिला. राहिलेल्या बोटांत पेन धरायचे, फॅटचे दर तोंडपाठ, महिनाअखेरीला चार आण्यांचा फरक निघत नसे. भाच्याच्या फाइलप्रमाणे ज्या बोटात गणित असतं नेमकं तेच बोट त्यांना नव्हतं.

आता त्या टक्क्यांकडे येते. कारण पोराचं खरं नुकसान त्यांनी केलं आहे.

“कोणती बुद्धी किती टक्के, हे अचूक कळतं.”

अकराव्या पानावर गोल आलेख आहे, आठ रंगांच्या आठ पाकळ्या. संगीत १४.११ टक्के. निसर्ग १३.४६ टक्के. तार्किक-गणिती ९.८२ टक्के. बहिणीने त्या ९.८२ खाली पेनाने रेघ मारली होती. तिने ते तसंच वाचलं जसं कोणतीही आई वाचेल: शंभरात नऊ, म्हणजे पोरगं नापास.

आठ पाकळ्यांची बेरीज शंभर आहे. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितली. म्हणजे ही वाटणी आहे. शंभराचे आठ समान वाटे केले तर प्रत्येकाला साडेबारा येतात. म्हणजे ज्या आकड्याने घरात सुतक पडलं तो सरासरीपेक्षा जेमतेम पावणेतीनने कमी आहे. आणि वाटणी असल्यामुळे या आलेखात कुठलंच मूल आठही बाबतींत चांगलं असू शकत नाही, किंवा आठही बाबतींत मागेही असू शकत नाही. संगीत वाढलं की दुसरं काहीतरी घटलंच पाहिजे. माणसाची डोकी अशी चालत नाहीत. ज्याला गणित येतं त्याची भाषा त्यामुळे कमी होत नाही. उलट शंभर वर्षांच्या चाचण्यांमधून सतत दिसलेली गोष्ट ही की एका प्रकारच्या प्रश्नांत बरी असलेली मुलं बहुधा दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांतही बरी असतात.

आणि हे टक्के मुळात कशाचे आहेत? या चाचणीत ठशाच्या केंद्रापासून जवळच्या त्रिबिंदूपर्यंत, म्हणजे तीन दिशांच्या रेषा जिथे मिळतात तिथपर्यंत, किती रेषा लागतात ते दहाही बोटांचं मोजतात, बेरीज करतात आणि कोणत्या बोटाच्या वाट्याला किती आल्या ते काढतात. म्हणजे ते टक्के रेषांचे आहेत. पोराच्या सगळ्या बोटांवर मिळून जितक्या रेषा मोजल्या त्यातल्या ९.८२ टक्के अमुक बोटांवर होत्या, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. “तार्किक-गणिती” हा शब्द त्यापुढे कुणीतरी छापला आहे. ठसेशास्त्रात कमानीच्या नक्षीला मोजण्यासारखं केंद्र आणि त्रिबिंदू नसतात, म्हणून तिची रेषासंख्या शून्य धरतात. ज्या मुलाच्या तर्जनीवर कमान आहे, त्याची बुद्धी शून्य का?

मुलाला गणितात किती येतं हे कळायला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, त्याला गणित सोडवायला द्यायचं. दोन, त्याने जे केलं ते त्याच्याच वयाच्या मोठ्या गटाशी ताडून बघायचं. या दुसऱ्या गोष्टीला आम्ही प्रमाणके म्हणतो. चाचणी आधी शेकडो-हजारो मुलांना एकाच पद्धतीने, त्याच सूचना देऊन, तेवढाच वेळ लावून देतात. वयागणिक सरासरी काढतात, पसारा काढतात. मग बुद्ध्यांक १०० म्हणजे त्या वयाची सरासरी आणि ८५ ते ११५ मध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं, असं म्हणता येतं. त्यातही आम्ही एकच आकडा ठासून सांगत नाही. ९६ आला तर पाच-सहा गुण इकडेतिकडे धरून पट्टा सांगतो, कारण पोरगं त्या दिवशी झोपलेलं नसू शकतं, घाबरलेलं असू शकतं. बेचाळीस पानांच्या फाइलमध्ये कोणत्या मुलांशी तुलना केली त्याचा एक शब्द नाही, आणि आकडा मात्र दशांश चिन्हानंतर दोन घरं.

“ठसे बदलत नाहीत, म्हणून ९९ टक्के बिनचूक.”

चाचणीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली विश्वसनीयता: पुन्हा घेतली तर साधारण तेच उत्तर येतं का? दुसरी यथार्थता: जे मोजतो म्हणते तेच मोजते का? किराणा दुकानाचा काटा दर वेळी एक किलोला एक किलो दाखवतो, पक्का विश्वसनीय. त्या काट्यावर पोराला उभं करून त्याचं इंग्रजी कसं आहे हे सांगता येणार नाही. ठसा आयुष्यभर बदलत नाही यात वाद नाही, म्हणून तर तो आधारला चालतो. पण त्यातून फक्त पहिली परीक्षा पास होते. दुसरी पास व्हायची तर मुलांचे ठसे घ्यायचे, भाकीत लिहून बंद पाकिटात ठेवायचं, पाच-दहा वर्षं थांबायचं आणि ताडून बघायचं. ९९ टक्के म्हणणाऱ्यांनी असं काहीही फाइलमध्ये दिलेलं नाही. तुलनेसाठी सांगते: जगातल्या सगळ्यात घासूनपुसून तयार केलेल्या बुद्धिमापन चाचण्यांचा शालेय गुणांशी सहसंबंध ०.५ च्या आसपास असतो (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण). गुणांमधल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा त्यातून उलगडतो. बाकीचा घर, शिक्षक, मेहनत, तब्येत, असा. शंभर वर्षं खपून तिथवर पोचता आलं. ९९ ऐकलं की तिथेच उठून निघून यावं.

आणि हे कुणी तपासलंच नव्हतं असंही नाही. ज्याने तपासलं त्याच्याइतका योग्य माणूस सापडणार नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन. ठशांवरचं त्याचं ‘फिंगर प्रिंट्स’ हे पुस्तक १८९२ चं. माणसांच्या क्षमता मोजायची प्रयोगशाळा त्यानेच १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात मांडली होती, तिथे ९,३३७ माणसं मोजून घेतली. दोन गोष्टी एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत हे काढायचं सहसंबंधाचं गणितही त्याचंच. शिवाय बुद्धी रक्तातून येते यावर त्याचा इतका विश्वास होता की सुप्रजननशास्त्र, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांचीच संतती वाढवावी हा विचार, हे नावही त्यानेच दिलं, आणि त्या विचाराने पुढे जगात फार वाईट गोष्टी घडल्या. ठशात स्वभाव आणि कुवत दिसावी अशी ज्याची मनापासून इच्छा होती, असा हा माणूस. त्याने कला आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे ठसे घेतले, शेतमजुरांचे घेतले, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या आश्रमातले घेतले. आणि त्याच पुस्तकात लिहून ठेवलं की ठशांवरून वंश आणि स्वभाव ओळखता येईल ही आपली मोठी आशा खोटी ठरली. नामवंत विचारवंतांच्या आणि मुत्सद्द्यांच्या ठशांशी जुळणारे ठसे आपल्याला जन्मतः अक्षम असलेल्यांमध्येही मिळाले, असं तो सांगतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लागलेला हा निकाल आहे. डीएमआयटीच्या जाहिरातींत गाल्टनचं नाव “जनक” म्हणून छापतात. त्याचा निष्कर्ष छापत नाहीत.

आपल्याकडेही बोललं गेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांची देशव्यापी संघटना, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी, हिने २०१९ मध्येच या चाचणीला शास्त्रीय आधार नाही अशी भूमिका जाहीर केली. ती पालकांच्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केली नाही.

नोबेलचं एका दमात संपवते. १९८६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल रीटा लेव्ही-माँटाल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या घटकांच्या शोधासाठी मिळालं, एक मज्जापेशींचा, एक त्वचेचा. त्यात ठसे नाहीत, बुद्धी नाही. ‘हा डाव्या मेंदूचा, तो उजव्या मेंदूचा’ या दाव्याचंही तसंच: रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते दोन गोलार्धांमधला दुवा कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. यूटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजाराहून अधिक लोकांची मेंदूचित्रं तपासली, आणि कुणी “डाव्या मेंदूचा”, कुणी “उजव्या मेंदूचा” अशी माणसं सापडली नाहीत. चाचणीच्या नावातल्या ‘मल्टिपल इंटेलिजन्स’ची, म्हणजे बहुविध बुद्धिमत्तांची, कल्पना मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडली, तिच्यावरही अभ्यासकांचे आक्षेप आहेत, पण त्यांनी ठसे मोजा असं कुठेही म्हटलेलं नाही.

“पण ताई, रिपोर्ट अगदी जुळतो.”

हे बहिणीचं वाक्य, मेसेजमधलं नाही, तरी सगळ्यात जास्त माणसं यानेच फसतात. तिने मला वाचून दाखवलं: “आपलं मूल संवेदनशील आहे, मात्र कधी कधी हट्ट धरतं. आवडीच्या कामात ते तासन्‌तास रमतं, नावडत्या कामात लक्ष लवकर उडतं. कौतुक केल्यास ते अधिक खुलतं.” मी फाइल हातात घेतली आणि हाच परिच्छेद शेजारच्या काकूंना वाचून दाखवला, त्यांच्या नातीचा म्हणून. त्या म्हणाल्या, “अगं, हुबेहूब आमची चिमी!” मग काकूंना लगेच खरं काय ते सांगितलं, आणि बहीण गप्प बसली.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला “तुझा” अहवाल दिला. किती जुळतो याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला अहवाल एकच होता, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. आपल्याकडे बाळाच्या बोटांवर चक्र किती, शंख किती हे आजी मोजायची आणि “राजयोग आहे हो” म्हणायची. ती त्याचे साडेचार हजार घेत नव्हती, आणि त्यावरून कुणाचा क्लास बंद करत नव्हती.

“कागदी चाचण्यांत मूल खोटं उत्तर देऊ शकतं.”

हो, देऊ शकतं. हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. “तुला यंत्रं दुरुस्त करायला आवडतं का?” यावर बापाकडे बघून हो म्हणणारी मुलं मी रोज बघते. आवडीच्या चाचण्यांची ही मर्यादा आहेच. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, तीही सुरुवातीला आवडच विचारत होती, कुवत नाही, आणि पुष्कळ घरांत दोन्हींची गल्लत झाली. आमच्या हातातली साधनंही जुनी आहेत. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली, त्यांचं पुस्तक १९४० चं. नागपूरला डॉ. मलिन यांनी वेक्स्लरची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली ती १९६९ ची. दोन्ही आजही वापरात आहेत, आणि त्यांची प्रमाणके आजच्या मुलांसाठी नव्याने काढायला हवीत असं आमच्यातलेच लोक बोलतात. पण जुनी फूटपट्टी थोडी झिजली म्हणून कापड पंचांगाने मोजायचं नसतं.

शिवाय खोटं बोलण्याचा प्रश्न तयार उत्तरावर खूण करायच्या चाचण्यांत येतो. ठोकळे लावून चित्र जुळवायचं असेल तिथे मूल खोटं काय बोलणार? आणि मूल काम करत असताना जे दिसतं तेच आम्हाला हवं असतं. कोणत्या ठोकळ्याशी अडखळलं, चूक कळल्यावर मोडून पुन्हा लावलं की आईकडे बघितलं, सूचना दोनदा विचारली का. ऐकू कमी येतंय, दिसत नाहीये, हेही कित्येकदा चाचणीच्या खोलीतच लक्षात येतं. मग शिक्षकांशी बोलायचं, वह्या बघायच्या, आई गरोदर असल्यापासूनचा इतिहास विचारायचा. एकट्या आकड्यावर कुणी निर्णय देत नाही.

भाच्याची तपासणी मी केली नाही. नात्यातल्या मुलाची चाचणी आम्ही घेत नाही, आपली माया आणि आपली भीती आकड्यात उतरते. पुण्यातल्या माझ्या एका सहकारी बाईंकडे त्याला दोन शनिवार पाठवलं. बुद्ध्यांक सरासरी पट्ट्यात. अध्ययन अक्षमतेची लक्षणं नाहीत. आणि गणिताच्या तपासणीत एक कागद निघाला, तो मी मागून घेतला आहे. त्यावर ४०२ वजा १७८ असं उदाहरण आहे आणि खाली भाच्याच्या अक्षरात उत्तर: ३७६.

बाईंनी चूक म्हटलं नाही. कसं केलंस ते सांग, म्हणाल्या. तो म्हणाला, “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले, सहा. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच. चारातून एक, तीन.” सगळीकडे मोठ्यातून लहान. हातचा घेणं त्याला कधी समजलंच नव्हतं, आणि मध्ये शून्य आलं की तर अजिबात नाही. त्याची पहिली आख्खी आणि दुसरीचा मोठा भाग मोबाइलवर गेला आहे, २०२० आणि २१ मध्ये, एका फोनवर दोन भावंडं. त्यानंतर चार वर्षं तो त्याच चुकीच्या रीतीने मन लावून वजाबाक्या करत आला. पुढचा भागाकार, दशांश, सगळं त्यावर रचलेलं. नियम चुकीचा आहे, पण तो दर वेळी तोच नियम काटेकोर लावतो. ज्याच्यात तर्क नाही असं फाइल म्हणते ते हे पोरगं.

आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये थिओडोर सिमों यांच्यासोबत पहिली बुद्धिमापन चाचणी बनवली ती पॅरिसच्या शाळांत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कुठे लागते हे शोधायला. बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे असं म्हणणाऱ्यांचा त्यांनी १९०९ मध्येच लेखी निषेध केला. चाचणी मुलाला पुन्हा पुन्हा देता यावी, मदत लागू पडली का ते कळावं, यासाठी असते. “आयुष्यात एकदाच” हे ज्या चाचणीचं वैशिष्ट्य म्हणून छापतात तिचा मुलाला काय उपयोग?

आता बहीण रोज संध्याकाळी त्याला घेऊन बसते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावून, आणि दहा गठ्ठ्यांची एक जुडी. शतकाची जुडी सोडायची, तिचे दहा गठ्ठे शून्याच्या घरात ठेवायचे, मग त्यातला एक सोडायचा. मागच्या रविवारी त्याने मला फोनवर त्याच वजाबाकीचं बरोबर उत्तर, २२४, सांगितलं आणि विचारलं, “मावशी, ५००३ मध्ये दोन शून्यं आहेत, तिथे दोन जुड्या सोडायच्या का?”

राहिली एक गोष्ट, मेसेजमध्ये जिचा उल्लेखच नाही. त्या केंद्राकडे माझ्या भाच्याच्या दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही तळव्यांचे फोटो आहेत, नावासकट, जन्मतारखेसकट, शाळेसकट. पाच आणि पंधराव्या वर्षी आपण आधारसाठी मुलांचे हेच ठसे देतो, पुढे रेशनपासून बँकेपर्यंत तेच चालतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. मेहुण्यांनी तिथे सही केली त्या फॉर्मवर ठसे कुठे ठेवणार, किती दिवस, कुणाला देणार, यातलं काहीच लिहिलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, आणि कशासाठी संमती देतोय हे आधी सांगावं, अशी तरतूद आहे.

ठसे आणि फोटो नष्ट करून तसं लेखी द्या, असं पत्र मेहुण्यांनी स्वतः लिहून केंद्राला दिलं आहे. बारा दिवस झाले. पहिल्यांदा “साहेब बाहेरगावी आहेत” आणि दुसऱ्यांदा “सर्व्हर वरच्या ऑफिसला आहे” असं उत्तर मिळालं. सोमवारी बहीण आणि मेहुणे पुन्हा जाणार आहेत. मी रजा टाकली आहे, पत्राची प्रत घेऊन मीही जाते आहे.